शेवटी बर्फावर उरणारा

३ मार्च, मंगळवार
आज पुन्हा तेच. मॅचच्या दिवशी सकाळचा सराव संपला की खेळणारे आत जातात आणि न खेळणारे मागे उरतात. असिस्टंट कोच मार्सेल त्यांना घाम फुटेपर्यंत पळवतो. आइस हॉकीच्या सगळ्या लीगला ठाऊक आहे, शेवटी बर्फावर उरला तो संध्याकाळी कोट घालून वर प्रेक्षकांत बसणार. आज उरलो मी आणि नाक फुटलेला एक गोलकीपर.
अर्थात हा डाव आहे. कोच ग्लेन मला प्लेऑफसाठी, शेवटच्या बाद फेरीसाठी राखून ठेवतोय. सदतिशीतला अनुभवी डिफेन्समन मिळतो कुठे?

५ मार्च
माझ्या जागी कोल्टन खेळतोय. वय वीस. पकची चकती घेऊन सुसाट पुढे पळतो. डिफेन्समनने पुढे पळायचं म्हणजे काय? मी जन्मात पुढे गेलो नाही. गोलसमोर उभं राहायचं, येईल त्याला आडवं करायचं, शॉट अंगावर घ्यायचा. दात गेले, बरगड्या गेल्या, जागा नाही सोडली. बायको नोरीन म्हणाली, लोक आता सोड म्हणतायत तर ऐक की. बायकांना हॉकीतलं काही कळत नाही. (तिचे तिन्ही भाऊ खेळायचे. तरीपण.)
वजन कमी करायचं ठरवलं. जेवायला बटाटा भरलेल्या पिरोगी होत्या. उद्यापासून.

७ मार्च
शक्कल! शेवटी उरतो तो खेळत नाही ना, मग उरायचंच नाही. सराव संपायच्या आत सटकलो. शॉवरखाली उभा, डोक्याला साबण, तेवढ्यात मार्सेल हजर. म्हणाला, काय म्हाताऱ्या, पळतोस कुठं? चढव बूट. साबणासकट गेलो. पोरं खिदळत होती. हसा लेको.

१० मार्च
पुढच्या वर्षीच्या कराराचं ग्लेनला विचारलं. म्हणाला, सीझन संपू दे, मग बसू. म्हणजे पक्कं! नको असतो तर तोंडावर सांगितलं असतं. नोरीनला सांगितलं. ती फक्त भावाच्या ट्रॅक्टरच्या दुकानात माणूस हवाय एवढंच म्हणाली. परत.
झोप लागत नाही. भीती वाटते. हॉकी सोडून मला दुसरं काय येतं? पिरोगी जास्त झाल्या असणार.

१४ मार्च, शनिवार. सकाळी
घरच्या रिंकवरची शेवटची मॅच. प्लेऑफची आशा गेल्या आठवड्यातच संपली, म्हणजे मला राखून ठेवायचं कारणही संपलं. आज घेणारच.
सराव संपताच पहिला आत. साबण लावला, वाट पाहिली. कोणी आलं नाही! मुद्दाम हळूहळू अंघोळ केली. मार्सेल दारावरून गेला, माझ्याकडे बघून हसला आणि पुढे गेला. खेळतोय! खेळतोय!
बाबांना फोन केला. प्रिन्स अल्बर्ट गावाच्याही पलीकडून यायचं, रस्त्यावर बर्फ, गोठ्यात गाई. म्हणाले, गाई शेजारी बघेल, मी निघालोच बघ.

दुपारी
स्टिकला नवी टेप गुंडाळली. पास्ता खाल्ला. पडून राहिलो. देवा, एवढी एक मॅच दे. आज खेळ दिसला की पुढचं वर्ष कोण नाकारतो बघतोच.

संध्याकाळी, मॅचआधी
फळ्यावर माझं नाव नाही.
मी सगळी पॅड्स बांधून उभा. ग्लेनला विचारलं, मग सकाळी मला मागे का नाही थांबवलं? तो आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, अरे लायल, मागे थांबवतो ते पुढच्या मॅचला लागतील म्हणून, अंग मोकळं राहावं म्हणून. तुला उगाच कशाला दमवायचं?

१५ मार्च, रविवार
मॅच बाबांशेजारी बसून पाहिली. कोल्टनने दोन गोल मारले. दुसऱ्याला बाबा उठून टाळ्या वाजवायला लागले, मग माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले.
नंतर विचारलं, लागलंय का रे कुठं? गुडघा, म्हणालो. म्हणाले, जप बाबा. बरा झालास की पुढच्या सीझनला परत येतो, तेव्हा बघू तुझा खेळ.
हो म्हणालो.