कुंपण नसलेली फुलं

११ ऑगस्ट, सोमवार
सकाळी पुन्हा सासूबाईंबरोबर नदीकाठच्या नव्या पार्कात. मानसीच्या या वेळी भारताबरोबर मीटिंगा, म्हणून तिच्या आईला फिरवून आणणं माझ्याकडे. अमेरिकेचं वर्क परमिट अजून आलेलं नाही, त्यामुळे बरंच काही माझ्याकडे.
पार्क याच उन्हाळ्यात उघडलं. सा.बा. पुलावरून वाकून, "याला नदी म्हणतात? आमच्याकडे ओढासुद्धा म्हटलं नसतं."
पलीकडच्या वाफ्यात जास्वंद सापडली. ताटलीएवढी फुलं! चार फुलं पिशवीत. मी विचारलं, "आई, हे चालतं का इथे?"
"कुंपणाबाहेर आलेलं फूल देवाचं. पुण्यात काय करतो आम्ही? आणि इथे तर कुंपणच नाही!"
पिशवी मी धरली होती.

१३ ऑगस्ट, बुधवार
आज फांदी वाकवता वाकवता म्हणाल्या, "अरे सुहास, जरा धर ना."
अरे!
त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला. लग्नाला विरोध होताच. त्यानंतर "अहो जावईबापू"च्या पुढे कधी गाडी गेली नाही. आज स्वतःहून सासऱ्यांबद्दल बोलल्या. ते असताना दोघं फिरायला जायचे. या फुलं तोडायला थांबल्या की ते लांब पुढे जाऊन उभे. "ओळख नसल्यासारखे. मेलं फार लागायचं मला."
घरी आलो तरी हेच डोक्यात. चहा दोनदा उतू गेला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
आम्ही राहतो त्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर फोटो आलाय. पाठमोऱ्या सा.बा., पंजाबी ड्रेसवर स्वेटर, पांढरे बूट. शेजारी मी, पिशवीसह. अर्धा चेहरा दिसतो. खाली लिहिलंय की ही झाडं इथल्या लोकांनी हातांनी लावली, यंदा पहिल्यांदा फुलली, आणि कुणीतरी रोज तोडून नेतंय.
कॉमेंट्स वाचल्या. परत वाचल्या. एकाने पोलिसांचं नाव काढलंय. ग्रीन कार्डच्या वेळी काय काय विचारतात ते आठवत बसलो. फोटोत कुणी ओळखेल का? फोटोतलं निळं जॅकेट कपाटात मागे टाकलं.
मानसीला दाखवणार होतो. ती कॉलवर होती. मग राहून गेलं.

१६ ऑगस्ट, शनिवार
फोटोबद्दलचं वाक्य पाठ करून गेलो होतो. ऐन वेळी तोंडातून भलतंच निघालं.
"आई, उद्यापासून दुसऱ्या बाजूने जाऊ. इथे लोक बघतात."
"काय बघतात?"
त्यांनी खाली स्वतःच्या ड्रेसकडे पाहिलं, मग बुटांकडे. "बरं," म्हणाल्या.
येताना माझ्यामागे चालत होत्या. मी थांबलो की त्याही थांबायच्या.

१८ ऑगस्ट, सोमवार
"अहो जावईबापू, तुम्ही या जाऊन. माझे गुडघे दुखतायत." कालही हेच.
दुपारी मानसी: "काय बोललास तू तिला? ती म्हणते, सुहासला माझ्याबरोबर चालायची लाज वाटते. यार, इथे तिला दुसरं आहे कोण?"
फोटो दाखवला तर त्यांना शरम. नाही दाखवला तर मी सासऱ्यांसारखा. त्यांच्याहून वाईट, कारण ते निदान तोंडाने काही बोलायचे नाहीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार
मानसीला फोटो दाखवला. आधी खो खो हसली, मग फोन उलटा ठेवला.
"आईला नको सांगूस. शाळेच्या बागेतलं फूल तोडलं तर पोरांना बाकावर उभं करायची ती. तिला सहन नाही होणार."
"मग माझ्याबद्दल त्या काय समजत राहणार?"
"समजू दे ना थोडे दिवस. नोव्हेंबरमध्ये जाणारच आहे ती."
थोडे दिवस. तिला बोलायला काय जातं.
देवापुढे दुकानातली कार्नेशन. सा.बा. त्यांना "फ्रिजमधली फुलं" म्हणतात. आज तेवढंही म्हणाल्या नाहीत.

२३ ऑगस्ट, शनिवार
राहवलं नाही. मानसी अंघोळीला गेल्यावर फोन त्यांच्यापुढे ठेवला.
चष्मा लावला. बोटांनी मोठं करून पाहिलं. "ही मी." खालचं सगळं इंग्रजी ओठ हलवत वाचलं, एकही कॉमेंट सोडली नाही. मला उठून जावंसं वाटत होतं.
"आणि इतके दिवस गप्प राहिलात?"
"तुम्हाला वाईट वाटलं असतं."
"मग आत्तापर्यंत काय, बरं वाटत होतं?"
फोन परत दिला. खोलीत गेल्या. मानसीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. हे मी फार वेळा म्हणतो.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळी दारात पांढरे बूट नव्हते. पळतच गेलो.
वाफ्यापाशी एक वयस्कर गोरी बाई गुडघे टेकून तण काढत होती. सा.बा. तिच्यापुढे ताठ उभ्या, मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत: "आय अ‍ॅम दॅट पर्सन." बाईला काही कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं.
सा.बा. वळून म्हणाल्या, "तू सांग नीट. पण 'आम्ही' म्हणू नकोस. मी एकटीने केलं."
मी "वुई" म्हटलं. सा.बा.नी डोळे वटारले. तरी शेवटपर्यंत "वुई"च. देवाला वाहतो म्हणून सांगितलं, चूक झाली म्हणून सांगितलं. बाई रागावली नाही. हसलीही नाही. म्हणाली, झाडं तिच्या एकटीची नाहीत, बाकीच्यांना सांगावं लागेल. सा.बा.नी विचारायला लावलं, तण काढायला आलो तर चालेल का? तेही बाकीच्यांना विचारून सांगेन म्हणाली. माझं नाव आणि नंबर घेतला.
परतताना सा.बा. शेजारून चालल्या. "वुई म्हणे," एवढंच पुटपुटल्या.
मानसीला सगळं सांगितलं. ती दोघांवरही चिडली आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार
बाईचा फोन नाही. काल नाही, आज नाही. अनोळखी नंबर सहसा घेत नाही, आता सगळे घेतो. एक कारची वॉरंटी विकणाऱ्याचा होता.
उद्या गणपती. मानसीने फुलं ऑर्डर केली. दूर्वा मात्र दुकानात संपल्या. सा.बा. खिडकीतून खालच्या लॉनकडे बराच वेळ बघत होत्या.
"सुहास, गवत तरी घेऊ देतील का रे? विचारशील?"
विचारतो म्हणालो. कुणाला विचारायचं, ते ठाऊक नाही. कॉम्प्लेक्सचं ऑफिस बंद झालं. सकाळी लवकर निघून पार्कात जायचं ठरलंय, ती बाई भेटली तर तिलाच विचारू. नाही म्हणाली तर? "तर नुसतं फिरून येऊ," सा.बा. म्हणाल्या.
फोनचा आवाज मोठा करून ठेवला आहे.