वाघीण

७ जानेवारी, मंगळवार
जेवतानाही मोबाईल! कंपनीतून काढल्यापासून आमचे हे त्या ‘आता बास’ ग्रुपमध्येच राहायला गेलेत. बाहेरच्यांनी नोकऱ्या खाल्ल्या, हाकला त्यांना — दिवसभर हेच. म्हटलं, आपण तरी कुठले बोईसरचे? परभणीहूनच आलो की. तर ताट सरकवून उठले.

समुपदेशन केंद्रात जाऊन चारुता मॅडमना सांगितलं. मोबाईल हिसकावू नका म्हणाल्या, माणूस अजून आत जातो. त्यांना माणसांत आणू, हाताला काम देऊ, हळूहळू.

हळूहळू म्हणे! तोवर मी काय टाळ कुटत बसू?

९ जानेवारी
लेकीच्या, दिशाच्या जुन्या मोबाईलवरून मीच शिरले ग्रुपमध्ये. नाव घेतलं वाघीण. ह्यांच्यावर नजर ठेवायची, बस. मॅडमना बोलले नाही.

१५ जानेवारी
नुसतं बघणाऱ्यांना काढतात तिथं. मग मीही चार ओळी लिहिल्या, चांगल्या ठसक्यात. एकशे चाळीस लाईक! शाळेत निबंधात पहिली यायचे मी. लग्नानंतर कुणी माझं अक्षर वाचलं नाही.

रात्री ह्यांनी माझंच मला वाचून दाखवलं. “बाई असावी तर अशी,” म्हणाले. मी विषय बदलून भात वाढला. पण खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

२ फेब्रुवारी
मॅडमनी ह्यांना सफाळ्याच्या एका मिस्त्रींकडे लावलंय, पंपदुरुस्तीला. मिस्त्रींचीही नोकरी अशीच गेली होती. हे चिखलाचे पाय घेऊन येतात आणि चक्क बोलतात! तिथल्या बिहारी वेल्डरचं कौतुकसुद्धा. परवा ग्रुपही सोडला.

आता मीही सोडते. उद्या.

११ फेब्रुवारी
नाही सोडला. दोन दिवस गप्प राहिले तर लोक विचारायला लागले, वाघीण कुठं गेली? घरात मला कोण विचारतं!

२७ फेब्रुवारी
नाक्यावरच्या सुरेंदर पाणीपुरीवाल्याबद्दल लिहिलं. नाल्याचं पाणी वापरतो म्हणून. धादांत खोटं. रोज सकाळी आमच्याच चाळीच्या नळावर भरतो तो. पाचशेच्या वर लाईक.

२ मार्च
ग्रुपमधल्या पोरांनी वाघिणीचं नाव घेत सुरेंदरची गाडी उलटवली. हात मोडलाय त्याचा. ह्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. घरी येऊन रडले. “कोण गं ती वाघीण? तिला पोरंबाळं नसतील का?” मी चहा गाळत राहिले.

ॲडमिनचा मेसेज आला — ताई, पुढचं नाव द्या. म्हटलं, मी ग्रुप सोडतेय. तर म्हणतो, सोडून जाल कुठं, तुमचा नंबर आहे आमच्याकडे. नंबर दिशाच्या नावावर! मोबाईल बंद केला. तासाभरानं परत चालू केला — लाईक किती झाले बघायला. लाज वाटते मला माझी.

४ मार्च
केंद्रात गेले. मॅडमनी हसून ह्यांची चौकशी केली, रामकिसनभाऊ कसे आहेत?

“ते बरे आहेत,” म्हटलं. “आज मी माझ्यासाठी आलेय.”