कुवेतची फडकी

२४ जून १९९०

मिलिंद गेला. मनमाडच्या गाडीत बसवून आलो, तिथून मुंबई, मग विमान. तीन वर्षं झाली कुवेतला, गाड्या धुऊन चमकवायच्या दुकानात हाय. रजेवर येताना बापाला काय आणलं, तर चार निळी जपानी फडकी! बाप ड्रायव्हर, म्हणून. डब्यात चढता चढता तेच सांगायलाय: सोडा न्हाई, गरम पाणी न्हाई, ऊन न्हाई, इस्त्री तर न्हाईच, घरच्या कपड्यात मिसळायचं न्हाई. मी म्हणलो, "फडकं हाय का जावई?" लय हसला. त्याची माय हसली न्हाई. घरी येऊन दोघंबी जेवलो न्हाई.

३ जुलै

सायबाच्या अँबॅसिडरवर पयलं फडकं चालवलं. अजब वस्तू. हाताच्या भेगांत अडकतं, बोटं सोडत न्हाई. कोरडं फिरवलं तर धूळ ओढून घेतं, ओलं फिरवलं तर पाण्याचा डाग राहत न्हाई. सूत न्हाई, रेशीम न्हाई. मग हाय काय?

कचेरीतला दुसरा ड्रायव्हर रहीमभाई गाडीभवती फिरून फिरून बघायलाय. "क्या दादाराव, गाडी को आईना बना दिये! एक मेरे कू भी मंगाओ." म्हणलं, पुढच्या रजेत आणंल.

टायरबी त्याच फडक्यानं पुसले. टायरचं येगळं ठेवा म्हणला होता का मिलिंद? आठवंना.

१९ जुलै

घोळ झाला. चारी फडकी काळी झाली म्हणून हिनं चादरीसंगं सोडा टाकून उकळली. वर नीळ दिली. वर उन्हात तारेवर. जे जे नको म्हणला होता ते सगळं एका दिवसात.

आता फडकं पाणी पीत न्हाई. बॉनेटवर पाणी नुसतं हिकडून तिकडं ढकलतंय. सायेब म्हणाले, दादाराव, काचेवर रेघा कशाच्या? काय सांगू, कप्पाळ!

हिला बोललो तर माझ्यावरच उलटली. "लेकरानं दिलेली वस्तू मळकी ठिवू का? अन टायर कोन पुसला व्हता त्यानं?" बिनतोड. 

३ ऑगस्ट

रेडिओवर सांगितलं, इराकचं सैन्य कुवेतात घुसलं. डोस्कं चालंना. पयल्यांदा वाटलं कुठल्या गावाचं सांगायलेत, अन मग उठून रेडिओचा आवाज मोठा केला.

सायबानं भिंतीवरचा नकाशा दाखवला. देश म्हणतेत त्याला, अन माझ्या बोटाखाली सगळा झाकून गेला. पोरगा तिथं कुठं असंल?

९ ऑगस्ट

पोस्टात तार घेईनात. म्हणे तिकडं जातच न्हाई. फोनबी न्हाई. पेपरात रोज लिहून येतंय, वाचून काय कळत न्हाई. लढाई झाली का चाललीय? आपली माणसं कुणाच्या बाजूची?

मला वाटलं ही रडंल, भिताडाला डोकं आपटंल. तर न्हाई. फडकी काढून बसली. "तो यायच्या आत ही नीट झाली पायजेत." म्हणलं अगं, पोराच्या जिवाचं काय चाललंय अन तू चिंध्या धुवायलीस? तर म्हणाली, "मग मी काय करू ते तुमी सांगा." 

माझ्याच्यानं तर काहीच होईना. गिअर टाकायचा विसरतो. काल सायबाला त्यांच्याच घरी सोडायच्या ऐवजी परत कचेरीत आणलं. माणूस चांगला, बोलले न्हाईत.

१७ ऑगस्ट

फडक्याचे प्रयोग चालू. रिठ्याचा फेस केला, उपयोग शून्य. शेजारीण म्हणाली कांजी उतरली न्हाई. अगं बाई, कांजी दिलीच कुठं? परीट म्हणाला द्या हिकडं, मी सरळ करतो. ही माझ्या नकळत एक देऊन आली. त्यानं कोळशाची इस्त्री फिरवली. फडक्याचा एक कोपरा वितळून नखासारखा कडक झाला. परीट बिचारा घाबरला, "असलं कापड जल्मात बघितलं न्हाई मालक."

ही ते जळकं फडकं मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. चूल पेटवली न्हाई. मी चहा केला तर त्यात साखर टाकली का न्हाई तेबी ध्यानात न्हाई.

२५ ऑगस्ट

रहीमभाईनं सांगितलं, बोअरच्या पाण्याचा खार अन साबण मिळून आत बसलाय, केतलीत बसतो तसा. पावसाच्या पाण्यात लिंबू पिळून भिजवा, चोळू नका, सावलीत वाळवा. केलं. एक फडकं थोडं थोडं पाणी प्यायला लागलं! ही आवाज देऊन बोलावती, "बघा, बघा." मी बघितलं. आनंद झाला का? झाला. मग स्वतःचीच लाज वाटली. पोरगं लढाईत अन मी फडकं पाणी पितंय म्हणून खूश.

कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर विद्यापीठाच्या नामांतरावरून वाद चाललेला. एकानं मला मुद्दाम डिवचलं, "काय दादाराव, तुमचं काय म्हणणं? होणार का नाव?" दुसऱ्या टायमाला सोडलं नसतं त्याला. पण माझं ध्यानच न्हाई. म्हणलो, "विमान पाठवणार म्हणतेत." सगळे हसले. रहीमभाई तेवढा हसला न्हाई.

१६ सप्टेंबर

पूर्णेला जाऊन आलो. तिथल्या एका रेल्वेवाल्याचा पोरगा, सुभाष, मिलिंदच्याच दुकानात होता. तो आलाय. वाळून काडी. माझे पाय धरायला वाकला, मीच त्याला धरलं.

दोघं एकाच बसमधी निघाले म्हणे. वाळवंट. मग जॉर्डनला तंबू, हजारो माणसं. "काका, तो पाणी आणायला रांगेत गेल्ता. तेवढ्यात विमानासाठी माझं नाव पुकारलं. थांबतो म्हणलो, तर मागचे लोक ढकलायलेत." एवढं बोलून रडला. त्याच्यावर चिडू का त्याला जवळ घेऊ? चिडलोबी न्हाई, जवळबी घेतलं न्हाई. त्याच्या मायनं वाढलं ते खाल्लं अन निघालो.

हिला सांगितलं, मिलिंद लढाईतून बाहेर पडलाय, ठणठणीत हाय, नंबर यायचाय. ही म्हणाली, "मग ह्याचा आला अन त्याचा कामून न्हाई?" बसमधी सगळ्या वाटंनं मीबी तेच इचारत आल्तो.

२८ सप्टेंबर

दुपारी शिपाई पळत आला, दादाराव, ट्रंक कॉल. सायबाच्या खोलीत पळालो, चप्पल बाहेरच. नुसती खरखर. मधी कोणतरी हॅलो, हॅलो म्हणलं. मी वरडलो, "मिलिंद! अरे मिलिंद!" आणि कटला.

आवाज त्याचा होता का? घोगरा होता. सर्दी झाली असंल. का दुसराच कोणी? ऑपरेटरला कुठून लागला ते सांगता येईना. सायेब म्हणाले, तोच असणार, तुला दुसरं कोण करतंय. खरं हाय. पण मी आपल्या पोराचा आवाज ओळखू नये? लय बेक्कार वाटायलंय.

२९ सप्टेंबर

हिला सांगितलं, फोन आल्ता.

"तोच व्हता?"

"तोच."

"काय म्हणाला?"

आता काय सांगावं? खरखर ऐकली म्हणलो असतो तर ही तिथंच खाली बसली असती. तोंडाला आलं ते बोललो. "फडकी कशी हायती, इचारत होता."

ही जवळ सरकली. मग हळूच, "तुमी काय सांगितलं?"

"एकदम नव्यासारखी हायती म्हणलो."

भडकलीच! "लेकराला खोटं कामून सांगितलं तुमी? एक जळालं, दोन अजून कडक हायती, अन नव्यासारखी? तो इतक्या लांबून भरवशानं इचारतो, अन बाप होऊन खोटं बोलता?" दोन महिन्यांत एवढा मोठा आवाज काढला नव्हता तिनं. मग रडली. खूप रडली. मी पाणी दिलं, ते प्याली.

डोळे पुसून म्हणाली, "परत फोन आला की मला कचेरीत घेऊन चला. मीच सांगते त्याला खरं काय ते."

हो म्हणलो.