तलावात लावलेलं गवत

माय, आज गोंदियाचा एक ठेकेदार आपला तलाव मागायला आला होता. तुझ्या वेळच्या ठेकेदारासारखाच गोड बोलला, गावातल्या बायांना कामावर ठेवतो म्हणाला, आणि मला तुझी ती सभा आठवली. मी तेव्हा शाळकरी होते, तुझ्या शेजारीच बसले होते. सगळी मंडळी माना डोलवत होती आणि तू पदर खोचून मधेच उभी राहिलीस. "तलाव आमचा, आन् आमीच त्याच्यावर मजूर? काऊन?" एवढंच बोललीस. मग माझा खांदा घट्ट धरून खाली बसलीस. तुमच्या बचत गटाला तलाव मिळाला तो त्या प्रश्नावर.

मिळाला, पण ओसाड. आधीच्या ठेक्यात सोडलेल्या मोठ्या माशांनी तळातलं गवत खाऊन टाकलं होतं, आणि गवत नाही तर गावठी मरळीने अंडी घालायची कुठे? मग तुम्ही बाया गुडघाभर चिखलात उतरून शेजारच्या बोडीतलं, त्या लहानशा तळ्यातलं, पाणगवत आणून लावत होता. लोक शेतातलं गवत उपटतात, या बाया तलावात लावतात, म्हणून गाव हसलं. बाबाही हसले, तेव्हा चार दिवस त्यांना नुसती लाखोळीची डाळ मिळाली. वर्षभर जाळं टाकायचं नाही, हेही तुम्हीच ठरवलेलं. मी मासोळीसाठी रोज कटकट करायचे. एकदा चुलीपुढे तू खेकसलीस, "मासोळी पोरं वाढवून राहिली. तिले आताच खाशील का?" आणि मग मला जवळ ओढून बराच वेळ केस विंचरत बसलीस. पुढच्या हंगामात पहिलं जाळं जड लागलं. मरळीचं डोकं, तुझा जीव की प्राण, तू माझ्या ताटात वाढलंस. मी ते खाताना तू बघत होतीस, अजून दिसतेस. त्या तलावाच्या पैशावरच मी शिकले. तू मात्र त्यानंतर फार वर्षं राहिली नाहीस.

आता गटाची अध्यक्ष मी आहे. आज दोघीतिघींचं मन डळमळलं होतं, सालभराचे पैसे आधीच मिळणार म्हणून. मी रात्री पाठ केलेलं भाषण ऐनवेळी विसरले. तुझा प्रश्न तेवढा आठवला, तोच विचारला. तलाव राहिला, माय. मला धरायला कुणाचा खांदा नव्हता, भिंत होती.

हा कागद कुठे पाठवणार मी? पण एक सांगते. पहिल्या जाळ्यातल्या मरळीचं डोकं अजून तुझ्यासाठी बाजूला काढते. लेक विचारते, कोणासाठी? मी तिच्या ताटात रस्सा वाढते. सगळे जेवून उठले की चुलीपाशी बसून ते मीच खाते.