पळसदेवच्या तुळया

बारामती,
२२ ऑक्टोबर १९९६

चि. मोहितला आईचा आशीर्वाद, आसावरीलाही.

तुझं पत्र पोचलं. माझी प्रकृती उत्तम आहे. पेरू यंदा लगडलाय. दिवाळीनंतर माझं सामान न्यायला टेम्पो पाठवतोस, त्याआधी परसातलं जुनं लाकूड विकून टाक, असं लिहिलंस. आधी त्या लाकडाचंच सांगते.

ते विकलं नाही. त्याचं सुतारकामाचं टेबल केलं.

धरणाचं पाणी येण्याआधी पळसदेवचं घर उतरवलं, तेव्हा बाबांनी त्या सागाच्या तुळया बैलगाडीतून इथे आणल्या. नव्या घराला लावू म्हणायचे. घर झालं स्लॅबचं, तुळया पत्र्याखाली राहिल्या. आता रंधा मारला तसा धुराचा काळा थर निघाला आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड. तुझ्या आजीच्या चुलीचा धूर तो! मी काम थांबवून नुसता हात फिरवत बसले.

हिंदुराव सुतार मदतीला होते. मधल्या खोलीतच सगळं जोडलं. शेवटचा पाय ठोकून झाला, त्यांनी दाराकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, घात झाला! आडवं करा न्हायतर उभं, ह्ये दारातनं भाईर निघायचं न्हाय."

"माहीत आहे."

"आन् मग पोराकडं पुण्याला कसं न्हेनार?"

"दार मोजूनच माप सांगितलं होतं तुम्हाला."

ते हसतच सुटले. "कॉन्व्हेंटात ह्येच शिकिवलं व्हय?"

"तिथे सिस्टर शिवण शिकवायच्या, हिंदुराव. आधी माप, मग कात्री."

तेवढ्यात शेजारच्या प्रयागबाई डोकावल्या. "बाई, लेकीच्या लग्नाला पाट करून द्या. पर रंग वाळू द्या औंदा. मागल्या पाटाचा समद्या लुगड्याला लागला!"

मोहित, तुला कळलंच असेल. मी तिकडे राहायला येत नाही. तुमच्याकडे काही कमी आहे म्हणून नव्हे. बाबा गेल्यापासून मी नुसती आवराआवर करत होते, जणू मीही बांधाबांध करायच्या सामानातलीच. मग एके दिवशी त्यांचा रंधा हातात घेतला. आता सकाळी डोळे उघडले की हातांना काम आठवतं. फोनवर हे बोलणं जमलं नाही. तुझा आवाज ऐकला की मी 'हो' म्हणून बसते. टेम्पो सांगू नकोस. हे घर विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही 'नाही' म्हणून कळव. रागावशील, रागाव. पण मी ठरवलंय.

आसावरीने माझ्यासाठी खिडकीजवळची खोली रंगवून घेतली, हे वाचून डोळे भरले. तिला म्हणावं, माळ्यावरची सतार उतरव आणि तिथे रियाजाला बस. संक्रांतीला येईन, तिची सतार पोटभर ऐकेन आणि माझ्या घरी परतेन.

तुमच्याकडे हौसेने पाहुणी येणारी,
तुझी आई