अठरा पावलं

३ मार्च, सोमवार

पुन्हा गुडगुडला! सकाळी बादलीभर पाणी ओतलं तर संडास काठापर्यंत भरून आला, आणि मग उपकार केल्यासारखा सावकाश खाली गेला. मी जागच्या जागी गार. हे दाढी करत होते. म्हणाले, "टाकी भरली असेल."

भरणारच! तीन वर्षांपूर्वीपर्यंत या घरात आम्ही तिघंच होतो—हे, मी आणि सासरे. मग धाकटे भाऊजी लग्न करून आले आणि वरचा मजला हसता-खेळता झाला. धाकट्या जावेच्या मैत्रिणी, तिची भावंडं, रोज कुणी ना कुणी मुक्कामाला. टाकी मात्र दोन्ही मजल्यांना एकच. मला यात कोडं काही दिसत नाही.

नंतर संडास घासला. अर्धी बाटली ॲसिड. लख्ख! त्या बाबतीत माझा हात धरणारं या घरात कुणी नाही.

४ मार्च, मंगळवार

बाबा (सासऱ्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो) जेवताना: "धाकटीचे टोमॅटो खाल्लेस का? साखर आहे साखर!"

एकवीस वर्षं या माणसाला गरम वाढते आहे. साखर हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. तिनं मागच्या अंगणात चार रोपं काय लावली, मेली माझ्या खांद्याला लागली! त्याच अंगणात, मागच्या दाराशी माझीही दोन आहेत. गुडघ्याएवढी, पिवळी. तेच ऊन, तेच पाणी. मी शेणखत घालते, ती नुसती गुणगुणते.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते—माझ्या पोटात दुखतं. चांगलं कळ येऊन दुखतं.

६ मार्च, गुरुवार

गंमत म्हणजे टाकी कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नाही! सहा वर्षांपूर्वी शेवटची उपसली तेव्हा मी माहेरी होते, हे परगावी नोकरीला. सगळं बाबांनी एकट्यानं करून घेतलं. पुढे अंगणात मातीची भर घातली, झाकण गेलं खाली. बाबांना विचारलं तर डोळे मिटून म्हणाले, "मागच्या दारापासून सरळ अठरा पावलं." बाकी काही आठवत नाही.

संध्याकाळी भावाभावांत जुंपली. हे म्हणाले, "वरच्यांची चूक निघाली तर वरच्यांनी आपली वेगळी सोय बघावी." भाऊजी म्हणाले, "बघू की! टाकीच सांगेल." मी आत भांडी विसळत होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू! वरचा मजला रिकामा. अंगण माझं. बाबांना टोमॅटो माझे.

९ मार्च, रविवार

आज शोधमोहीम. बाबा काठी टेकत दारापासून निघाले, मोठ्यानं मोजत. अठराव्या पावलाला थांबले. "इथे!" यांनी नि भाऊजींनी कमरेएवढा खड्डा खणला. दगडगोटे. शेजारी दुसरा खणला. त्यातही दगडगोटे. मग सळई ठोकून बघितली, कुठेच काही लागेना. बाबांचा चेहरा एवढासा झाला. "म्हातारा झालो," म्हणाले आणि पायरीवर बसले.

तेव्हा ही बया वरून आली. दोन मिनिटं बाबांच्या चपलांकडे बघत उभी. मग म्हणाली, "बाबा, आकडा बरोबर आहे तुमचा. पावलं आखूड झालीत. तेव्हा तुम्ही ढांगा टाकत होतात." आणि भाऊजींना दाराशी उभं केलं—बापाची उंची त्यांच्यातच उतरली आहे ना! "तुम्ही चाला हो, मोजत."

अठरावं पाऊल पडलं तिच्या टोमॅटोत!

सळई हातभर खाली गेली आणि ठण्‌! बाबा टाळ्या पिटायला लागले, लहान मुलासारखे. "बघा! मी म्हटलं नव्हतं, अठरा?" तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी त्यांच्याबरोबर एकवीस वर्षं चालते आहे. डॉक्टरकडे नेते तेव्हा त्यांच्यासाठी पाऊल मीच आखूड करते. आणि हे मला सुचू नये?

१० मार्च, सोमवार

हुशार आहे. असेल! टोमॅटो मात्र कशावर वाढत होते ते आता सगळ्यांना कळलं. सकाळपासून तीनदा एकटीच हसले.

१२ मार्च, बुधवार

उपसणारा गाडी घेऊन आला. पन्नाशीचा, तुटक बोलणारा माणूस. माती काढून झाल्यावर पहारीनं झाकण सरकवलं आणि हात आडवे करून सगळ्यांना मागे रेटलं. "लांब! कुणी वाकायचं नाही. आतला वायू दिसत नाही. दोन श्वासांत माणूस आत, आणि काढायला जाणारा त्याच्यावर." आमचे हे नेमके सिगरेट ओढत डोकवायला पुढे! तो असा ओरडला की यांनी सिगरेट सोडा, स्वतःची चप्पलही मागेच सोडली. हसू आलं पण हसले नाही.

मग लांब काठी आत घालून बाहेर काढली, थर किती ते बघितलं. मान हलवली. "सहा वर्षं म्हणता? माणसं पाच? एवढं साठायला नको. काही कुजतच नाहीये आत." काठी टेकवली नि आमच्याकडे—आम्हा दोघींकडे!—बघितलं. "ॲसिड कोण ओततंय?"

मी कोरडेच हात पदराला पुसायला लागले.

"टाकीत बारीक जीव असतात, ते मैला खातात. तुम्ही रोज ॲसिड ओतून त्यांना मारताय. मग मैला साठतो, पाणी कडेनं झिरपतं. म्हणून हे टोमॅटो माजलेत. उपटून टाका, खाऊ नका. आणि तीन-चार वर्षांनी उपसत जा, वाट बघू नका."

हे म्हणाले, "ॲसिड? आमच्याकडे कोण—"

अर्धी बाटली. रोज. संडास माझा. हात माझा. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"मी ओतते," ती म्हणाली. वरची! "चूक माझी आहे."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तिला सांगितलं नव्हतंस?" मी मान डोलावली, सांगितलं होतं अशी. लिहायला नको वाटतं, पण डोलावली हे खरं.

१३ मार्च, गुरुवार

झोप नाही. तिला माहीत असणार. कचऱ्यात माझ्या रिकाम्या बाटल्या दिसतच असणार. मला वाचवायला बोलली! पण का? मी तिला तीन वर्षांत एक धड शब्द दिला नाही.

१५ मार्च, शनिवार

बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत, "चूक पदरात घ्यायला छाती लागते. आमच्या धाकटीला आहे." तळपायाची आग मस्तकात! टोमॅटो तिचे, पावलं तिनं शोधली, आता माझा गुन्हासुद्धा तिनंच पळवला! मी कबूल केलं असतं तर छाती माझी निघाली असती. केलं का नाही मग? नाही केलं.

भाऊजींनी तीन गल्ल्या पलीकडे दोन खोल्या बघितल्या. शब्द दिलाय म्हणतात, वेगळी सोय बघणारच. महिनाअखेरीस जाणार.

मला हवं होतं तेच झालं. दुपारी ती रोपं उपटत होती. मी खिडकीतून बघत होते. गुणगुणत नव्हती. बाबा शेजारी काठी घेऊन उभे, म्हणाले, "तिकडे अंगण आहे का गं?" ती म्हणाली, "नाही, बाबा." बाबा काठीनं उपटलेली रोपं एका बाजूला सारायला लागले.

१६ मार्च, रविवार

संडास नुसत्या पाण्यानं नि ब्रशनं घासला. तेवढाच लख्ख निघाला.

१७ मार्च, सोमवार

बाबा दोन वेळा अर्ध्या ताटावरून उठले. मी विचारलं तर म्हणाले, "तू छान केलंयस, भूक नाही." उद्या वर जाणार. सांगणार. हे ओरडले तर ओरडले. बाबांनी तोंड फिरवलं तर—ते सोसवणार नाही, पण सांगणार.

१८ मार्च, मंगळवार

वर गेले. दार उघडंच. ती खोक्यांत सामान भरत होती. न्हाणीघराच्या दाराआड ओळीनं बाटल्या. निळं झाकण. माझ्याच ॲसिडच्या! सात रिकाम्या, एक अर्धी.

ती खोटं बोललीच नव्हती. मला वाचवलं वगैरे काही नाही. माझं तिला माहीतच नव्हतं!

माझी नजर तिनं बघितली. मान खाली घालून म्हणाली, "बाबा रोज म्हणतात, ताई. 'मोठीचा संडास बघ, आरसा आहे आरसा.' तीन वर्षं ऐकतेय. कितीही घासलं तरी तुमच्यासारखं होत नाही. म्हणून रोज थोडं जास्त, रोज थोडं जास्त..."

मी तिथेच उंबऱ्यात बसले. म्हटलं, "माझ्या अकरा आहेत."

एक खोकं मी रिकामं केलं, एक तिनं. मग दोघी खाली निघालो. बाबांना आधी कुणी सांगायचं यावरून जिन्यात भांडण झालं. मी मोठी आहे म्हटलं, आणि पुढे झाले.