झाकलेल्या अकरा ओळी

सर, तुमची कादंबरी मराठीत आली. तुमची म्हणते, कारण वसमतमध्ये ती पहिल्यांदा तुमच्याच घरात आली, आणि आली तीही चुकून. आखातात नोकरीला असलेल्या तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सुट्टीवर येताना ती भेट आणली. अरबी अक्षरं आणि सोनेरी पुठ्ठा बघून त्याला वाटलं, दीनाचंच, म्हणजे धर्माचंच काही असणार. तुम्ही शाळेत होतात. तुमच्या बायकोनं, म्हणजे आमच्या खालानं, पुस्तक घेतलं, डोळ्यांना लावलं, जुजदानात, म्हणजे कुराणाच्या मखमली बासनात गुंडाळलं आणि फडताळात वर, कुराणाशेजारी ठेवून दिलं. पुढे महिनाभर दर जुम्मेरातीला, गुरुवारी, त्याला लोबानचा धूर मिळत होता. मग तुम्ही ते उघडलंत, तर आत निघाला जिनिंगमध्ये कापूस तोलणारा एक माणूस, त्याची विधवा आई आणि नदीवरचा एक नावाडी. तुम्ही ‘तौबा’ म्हणालात, असं खाला अजून सांगते. पण पुस्तक काही खाली ठेवलं नाहीत.

मी तेव्हा सतरा वर्षांची. गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची पोर, केसांत कायम कापसाचे तंतू. अब्बांनी मला लहानपणीच तुमच्याकडे कुराण वाचायला पाठवलं होतं, आणि वाचून झाल्यावर मी विचारलं की याचा अर्थ काय. त्या एका प्रश्नापायी तुम्ही सहा वर्षं माझ्या मानगुटीवर बसून अरबी शिकवलीत, आणि मग हीच कादंबरी माझ्यापुढे ठेवलीत. बाहेरच्या खोलीत मुलांची शिकवणी असायची, म्हणून माझा धडा स्वयंपाकघरात. खाला चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर, मी पोत्यावर. तुमची रीत जुन्या उस्तादांची होती. किताब उस्तादापुढे पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचायची, अडखळलं की प्रकरण परत सुरुवातीपासून, आणि पूर्ण झाल्याशिवाय ती आपल्याला आली असं कुणाला म्हणायचं नाही. एकदा मी शेवटचं पान भरभर उरकलं. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, “घाई काहून करून राहिली? वाक्य काय पळून चाललं?” आणि मला पंचवीस पानं मागे नेलंत. रडत रडत वाचली मी ती. नवव्या प्रकरणात मात्र एका पानावर वहीच्या कागदाची पांढरी पट्टी चिकटवलेली होती. तुम्ही खाली बघून म्हणालात, हे सोड, पुढं चल. मी पुढे गेले.

लेखकाची गोष्ट तुम्ही तुकड्यातुकड्यानं सांगितलीत, कुठल्या कुठल्या मासिकांतून गोळा केलेली. नावाड्याचा मुलगा. जन्मभर सरकारी जिनिंगमध्ये कापूस तोलला आणि निकामी पावत्यांच्या पाठीवर कादंबऱ्या लिहिल्या. दुसऱ्या कादंबरीसाठी त्याला तुरुंगात टाकलं, कागद दिला नाही. तर गड्यानं तिसरी कादंबरी मनातल्या मनात रचली, रोज भांडी घासताना पहिल्यापासून म्हणायची आणि एक ओळ पुढे न्यायची. सुटला तेव्हा अख्खं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. हीच ती कादंबरी. पुढे मोठमोठे सन्मान झाले, राजधानीतून बोलावणी आली, तरी त्यानं आपलं गाव सोडलं नाही. तुम्ही म्हणायचात, हा माणूस आपल्या वारंगा फाट्यावर बसला असता तर त्यानं तिथंही हेच लिहिलं असतं. तेव्हा मला हसू यायचं. आता हिंगोलीहून नांदेडला जाताना फाट्यावर गाडी थांबली की मी चहाच्या टपरीवरची माणसं बघत बसते आणि तुमचं म्हणणं पटतं.

तुम्ही गेल्यावर खालानं पुस्तक माझ्या हातात दिलं, जुजदानासकट. पोरांना शाळेत शिकवून, घरचं आवरून, मी त्याच प्रतीवरून मराठी केलं. अरबीतून सरळ मराठीत, मधे इंग्रजी नाही. किती वर्षं गेली सांगत नाही, तुम्ही घाई केली नाही म्हणून खूश व्हाल. मग परवानगीसाठी लेखकाच्या मुलीला लिहिलं. तिचं उत्तर आलं की तिचे अब्बा नव्वदीचे आहेत, दिसत नाही, आणि त्यांचा नियम आहे की कुठल्याही भाषेतला अनुवाद आधी त्यांच्यापुढे मोठ्यानं वाचायचा. भाषा कळो न कळो. त्यांना पटला तरच छापायचा. सर, म्हणजे ते दुसरे तुम्हीच निघाले!

फोनवर लेखकाचा चेहरा दिसला आणि मी सलाम करून तब्येत विचारली, तुम्ही शिकवलेल्या अस्सल किताबी अरबीत. मुलगी तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. म्हणाली, जुम्म्याच्या खुतब्यात, प्रवचनात मौलवी बोलतात तशी बोलतेस तू. तिच्या तोंडची बाजारची अरबी मला अर्धीच कळत होती. पण म्हातारबाबा खूश झाले. मी वाचायला लागले. रोज एक प्रकरण, दुपारी, शाळा सुटल्यावर. ते मान हलवत ऐकायचे, नावं आली की ओठ हलायचे. नवव्या प्रकरणात आईचं नाव आलं, थोड्या वेळानं नावाड्याचं आलं, आणि त्यांनी हात वर केला.

“या दोन नावांच्या मध्ये मी बराच वेळ चालतो. तू लवकर पोचलीस. मधलं कुठं गेलं?”

इतक्या वर्षांचं काम त्या हाताखाली अडकलं होतं. मी खरं सांगितलं, म्हणजे खरं वाटेल असं सांगितलं. माझ्या उस्तादांनी तिथे पट्टी चिकटवली होती, मी मुलगी होते म्हणून. पट्टीखाली काय आहे मला माहीत नाही. मुलीनं ते तिकडच्या भाषेत त्यांना समजावलं. ते खदखदून हसले, खोकला येईपर्यंत. म्हणाले, “आमच्या सरकारनं ते पान फाडलं होतं. तुझ्या उस्तादानं नुसतं झाकलं. त्याला माझा सलाम. जा, उघड, आणि पुन्हा पहिल्यापासून वाच.”

मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, छाप.

गेल्या महिन्यात वसमतला वाचनाचा कार्यक्रम झाला. हॉल भरून बायका बाहेर उभ्या होत्या, हळदीच्या बाजारातून थेट आलेल्या, पिवळ्या हातांच्या. मी पट्टीखालच्या त्याच अकरा ओळी वाचल्या. विधवा आई भर दुपारी गच्चीवर केस सोडून उभी राहते आणि नदीकडे बघत मोठ्यानं म्हणते की मला तो माणूस हवा आहे, मी अजून मेलेली नाही. मागून एका बाईनं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. ती पहिली टाळी खालाची होती. चालता येत नाही तिला, नातवानं खुर्चीत आणलं होतं. मी पाया पडायला वाकले तर आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशी बोलली, “हे पान त्यायनं आधी मला वाचून दाखवलं व्हतं. दोनदा. मंग चिकटवलं.” आणि लाजली. ऐंशीच्या वर वय आहे, सर. तुमची बायको लाजली.

पहिली आवृत्ती संपत आली आहे. सगळ्यांना प्रस्तावनेतली पट्टीची गोष्ट फार आवडते. सोवळा उस्ताद आणि भाबडी शिष्या. वाचक पत्रांत तेच लिहितात, आणि मी ती पत्रं वाचून मान खाली घालते. दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावना बदलावी असं रोज ठरवते आणि प्रकाशकाला रोज फोन करत नाही. हे पत्रही खालाला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते, ते आता दाखवणार नाही.

कारण ती पट्टी मी सतराव्या वर्षीच काढली होती. तुम्ही नमाजला गेला होतात, खाला अंगणात होती. चुलीवरच्या भाताच्या वाफेवर पान धरलं, वाचलं आणि त्याच भाताची चार शितं लावून पट्टी होती तशी बसवली. त्या अकरा ओळी मला तेव्हापासून पाठ आहेत. तुम्हाला कधी कळलं का, देव जाणे. अनुवाद करताना त्या मी स्वतः गाळल्या, चाळिशी उलटलेल्या बाईनं, पिंजाऱ्याच्या पोरीनं हे लिहिलं म्हणून गावात लोक काय म्हणतील या भीतीनं. आणि विचारणारा भेटला तेव्हा तुमचं नाव पुढे केलं, कारण तुम्ही नाही म्हणायला येणार नव्हतात.